तटस्थांच्या तारा : युद्धकाळातील सांकेतिक संदेश आणि मुत्सद्देगिरी

युद्धात न उतरलेल्या एखाद्या देशातून युद्धमान पक्षांपैकी एकाने आपल्या राजधानीला सांकेतिक भाषेत संदेश पाठवावेत, दुसऱ्या पक्षाने त्याबद्दल त्या तटस्थ सरकारकडे निषेधाचे खलिते धाडावेत आणि त्या सरकारने दोन्हीकडची बोलणी खात आपली तटस्थता कशीबशी सांभाळावी, हा प्रकार विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत वॉशिंग्टनपासून ब्युनोस आयर्सपर्यंत, स्टॉकहोम, माद्रिद आणि डब्लिनपासून गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत अनेक ठिकाणी घडला. गुप्तलिपींच्या उकलीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सहसा गणितज्ञांच्या टेबलापाशी थांबतात आणि राजनयाचा इतिहास लिहिणारे परराष्ट्र खात्याच्या दप्तरापाशी. त्यामुळे हा विषय दोन कपाटांत विभागून पडलेला आहे. तो एकत्र वाचला तरच एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. शत्रूच्या संदेशांबद्दल तक्रार करणाऱ्या सरकारला बहुधा ते संदेश वाचता येत असत, परंतु आपण ते वाचतो हे सांगता येत नसे, आणि पुष्कळदा ते बंद व्हावेत अशी त्याच्याच हेरखात्याची इच्छाही नसे. खलित्यात जे लिहिले जाई आणि खलिता लिहिणाऱ्याला जे ठाऊक असे, त्यांतील अंतर हाच या प्रस्तावनेचा विषय आहे.

काही संज्ञा आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. ज्याला ढोबळपणे सांकेतिक भाषा म्हटले जाते तिचे दोन प्रकार आहेत. एकात संपूर्ण शब्दाच्या किंवा वाक्याच्या जागी आधी ठरवून ठेवलेला दुसरा शब्द अथवा अंकांचा गट योजला जातो. याला शब्दसंकेत म्हणता येईल, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना एकच संकेतकोश असावा लागतो. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना ज्या सावकारी पत्रातून कळली असे परंपरा सांगते, त्या पत्रात माणसांच्या जागी मोती आणि मोहरा आल्या होत्या, हे मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण याच प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात शब्दाला हात न लावता अक्षरांची किंवा अंकांची एखाद्या नियमाने अदलाबदल केली जाते. ही कूटलिपी होय, आणि तो नियम ज्याने ठरतो तिला किल्ली म्हणतात. व्यवहारात हे दोन्ही प्रकार एकावर एक चढवले जात. संदेश कोणत्या मार्गाने जातो, हा प्रश्न मात्र याहून वेगळा असून राजनयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. समुद्राखालची तार ज्याच्या किनाऱ्यावरून जाते त्याला संदेशाची प्रत काढता येते, तो अडकवून ठेवता येतो, हवा तर गहाळही करता येतो. उलट बिनतारी संदेश आकाशात सोडला की मित्र आणि शत्रू दोघांच्याही कानी पडतो, पण तो मध्येच थांबवण्याची सोय कोणालाच नसते. तारेने जाणाऱ्या गुप्त संदेशापेक्षा वकिलातीच्या माळ्यावरील बिनतारी प्रक्षेपकाविषयी सरकारे अधिक हातघाईवर का येत, याचे उत्तर यात आहे.

परराष्ट्रीय वकिलाने आपल्या धन्याला गुप्त पत्रे लिहावीत, हे सर्वच दरबारांनी पूर्वापार गृहीत धरलेले होते. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याच्या पत्रव्यवहारात जे चाले तेच युरोपातील दरबारांतही चाले. प्रश्न यंत्राने निर्माण केला. १९०७ साली द हेग येथे झालेल्या परिषदेने तटस्थांचे हक्क व कर्तव्ये ठरवणारे जे करार केले, त्यांपैकी पाचव्या करारात युद्धमान राष्ट्राने तटस्थ भूमीवर आपल्या सैन्याशी अथवा आरमाराशी संपर्क साधण्यासाठी बिनतारी केंद्र उभारण्यास मनाई केली गेली आणि तेराव्या करारात तटस्थ बंदरांबाबत तोच नियम घातला गेला. मात्र त्याच पाचव्या करारात असेही म्हटले होते की, तटस्थ देशातील सार्वजनिक अथवा खाजगी तारयंत्रणा युद्धमानांना वापरू न देण्याचे बंधन त्या देशावर नाही. त्याने निर्बंध घातलेच तर ते उभय पक्षांना सारखे लागू असावेत, इतकेच. या दोन कलमांच्या फटीतून पुढची चाळीस वर्षे वाद झिरपत राहिला. वकिलातीने राजधानीला पाठवलेला हवामानाचा अहवाल हा राजनैतिक संदेश की आरमाराला दिलेली मदत, हे कलमात लिहिलेले नव्हते.

समान वागणुकीचा नियम कागदावर निर्दोष दिसत असला तरी तो असमान परिस्थितीत वापरला की असमान ठरतो, हे पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच आठवड्यात उघड झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश केबल-जहाजाने जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या आणि अमेरिकेशी बोलण्यासाठी जर्मनीजवळ बर्लिननजीकचे नाउएन येथील बिनतारी केंद्र व अटलांटिकपलीकडची सेव्हिल आणि टकर्टन ही केंद्रे एवढेच साधन उरले. अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने तटस्थतेचा भंग करणारे बिनतारी संदेश रोखण्यासाठी या केंद्रांवर देखरेख बसवली. ब्रिटनच्या तारा मात्र न तपासता चालू होत्या, आणि बर्लिनने केलेली पक्षपाताची तक्रार निराधार नव्हती. या तक्रारीला उत्तर म्हणून, आणि शांततेच्या वाटाघाटींना वाव मिळावा या हेतूने, विल्सन यांनी जर्मन परराष्ट्र खात्याला अमेरिकेचीच राजनैतिक तार वापरू दिली. ती तार लंडनवरून जात असे. परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांनी १६ जानेवारी १९१७ रोजी, अमेरिका युद्धात उतरल्यास मेक्सिकोशी युती करावी आणि मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवून देण्याचे आमिष दाखवावे, असा आदेश अमेरिकेच्याच तारेवरून अमेरिकेतील आपल्या राजदूताकडे पाठवला. एवढ्या सौजन्याची इतकी थेट परतफेड इतिहासात क्वचितच झाली असेल.

झिमरमन यांच्या तारेची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. येथे तिच्यातील राजनैतिक पेच तेवढा नोंदवायचा आहे. ब्रिटिश नौदलाच्या 'रूम ४०' या गुप्तलिपी विभागात नायजेल डी ग्रे आणि विल्यम माँटगोमेरी यांनी तारेचा काही भाग उलगडला, तेव्हा विभागाचे सूत्रधार रेजिनाल्ड हॉल यांच्यापुढे दुहेरी अडचण उभी राहिली. तार दाखवावी तर जर्मनांना संकेत फुटल्याचे कळणार, आणि त्याहून नाजूक बाब अशी की ज्या अमेरिकेला युद्धात ओढायचे तिच्याच तारा ब्रिटन चोरून वाचतो हे तिला समजणार. हॉल यांनी वॉशिंग्टनहून मेक्सिकोला व्यापारी तारकंपनीमार्फत गेलेली दुसरी प्रत मेक्सिकोतून मिळवली; ती जुन्या संकेतकोशात असल्यामुळे अधिक पूर्णपणे वाचता आली, आणि फितुरी मेक्सिकोत झाली असावी असा जर्मनांचा समज होण्यासही तिने मदत केली. पुढे लंडनमधील अमेरिकी दूतावासाच्या इमारतीत, म्हणजे कायद्याच्या परिभाषेत अमेरिकेच्या हद्दीत, तारेची उकल पुन्हा एकदा करण्यात आली, जेणेकरून ती अमेरिकी माणसांनी वाचली असे विल्सन सरकारला खोटे न बोलता म्हणता यावे. १ मार्च रोजी मजकूर वृत्तपत्रांत आला, ३ मार्च रोजी झिमरमन यांनी तो आपलाच असल्याचे मान्य केले आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली.

त्याच वर्षी उजेडात आलेले स्वीडनचे प्रकरण तुलनेने कमी परिचित आहे, तटस्थांच्या दृष्टीने मात्र ते अधिक बोधक आहे. तारा तुटल्यावर जर्मनीचे गुप्त संदेश स्वीडनचे परराष्ट्र खाते आपल्या संकेतात गुंडाळून परदेशांतील आपल्या वकिलातींकडे पाठवीत असे. ब्रिटनने १९१५ मध्ये याबद्दल विचारणा केली तेव्हा वॉशिंग्टनचा मार्ग बंद करण्याचे आश्वासन मिळाले. रहदारी मग ब्युनोस आयर्समार्गे सुरू झाली. 'रूम ४०'ला हा वळसा समजला होता, परंतु पुन्हा निषेध करण्याऐवजी लंडनने तो मुकाट्याने वाचत राहणे पसंत केले. १९१७ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनातील जर्मन प्रतिनिधी काउंट लुक्सबुर्ग यांनी अर्जेंटिनाची जहाजे एक तर सुखरूप जाऊ द्यावीत, नाही तर मागमूस न ठेवता बुडवावीत, असा सल्ला बर्लिनला दिला आणि अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांचा उल्लेख गाढव या अर्थाच्या शब्दाने केला. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनने या तारा प्रसिद्ध केल्या; त्या मिळाल्या कोठून याविषयी मौन पाळण्यात आले. ब्युनोस आयर्समध्ये दंगली झाल्या, लुक्सबुर्ग यांना देश सोडण्यास सांगण्यात आले आणि स्वीडनमध्ये निवडणुकीच्या तोंडावर सरकारची अब्रू गेली. आपण केवळ बंद लखोटे पोचवले, आत काय होते ते ठाऊक नव्हते, शिवाय अमेरिकेनेही जर्मनीसाठी हेच केले होते, असा स्टॉकहोमचा बचाव होता. तो तर्काने चुकीचा म्हणता येत नाही. लोकांना तो पटला नाही, इतकेच. आणि ज्याच्यासाठी सारा बोभाटा झाला तो अर्जेंटिनाचा युद्धप्रवेश घडलाच नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संबंध तोडण्याचा कौल देऊनही अध्यक्ष इरिगोयेन तटस्थतेवर ठाम राहिले.

स्वीडन या अनुभवातून काय शिकला, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वे व्यापल्यानंतर जर्मनीने तेथील सैन्याशी बोलण्यासाठी स्वीडनमधून जाणाऱ्या तारा भाड्याने मागितल्या आणि स्टॉकहोमने त्या दिल्या. लंडनच्या दृष्टीने हा सरळ पक्षपात होता. त्या तारांना स्वीडनने जोड लावली आहे, हे मात्र जर्मनीला ठाऊक नव्हते. जर्मन संदेश सीमेन्स कंपनीच्या दूरमुद्रकाला जोडलेल्या कूटयंत्रातून जात. उप्साला विद्यापीठातील गणितज्ञ आर्ने बॉयर्लिंग यांनी कागद-पेन्सिलीच्या साहाय्याने अवघ्या काही आठवड्यांत त्याची रचना शोधून काढली आणि पुढची सुमारे दोन वर्षे स्वीडिश सरकार जर्मनीचे मनोगत तिच्याच शब्दांत वाचत राहिले. तटस्थ देश आपली तार शत्रूला वापरू देतो याचा अर्थ तो त्याचा मित्र असतोच असे नाही.

निषेधाचा खलिता हे हत्यार कधी परिणामकारक ठरते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्पेनमध्ये सापडते. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर रात्रीही नजर ठेवण्यासाठी जर्मन लष्करी हेरखात्याने, म्हणजे आप्वेरने, १९४२ च्या सुमारास दोन्ही किनाऱ्यांवर ठाणी उभारण्यास आरंभ केला. अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंधारात जहाज टिपणारी उपकरणे आणि खबर पुढे धाडणारी बिनतारी यंत्रे त्यांत होती. आप्वेरचे एनिग्मा हे कूटयंत्र ब्रिटिश गुप्तलिपीतज्ज्ञ डिली नॉक्स यांच्या गटाने डिसेंबर १९४१ मध्ये फोडलेले असल्याने ब्रिटनला या योजनेची बारीकसारीक माहिती होती. ठाणी छापा घालून उडवावीत की माद्रिदकडे तक्रार करावी, यावर लंडनमध्ये खल झाला; स्पेन-पोर्तुगालचा हेरविभाग त्या वेळी सांभाळणारा किम फिल्बी पुढे सोव्हिएत हेर म्हणून कुप्रसिद्ध झाला, हा या प्रकरणातील एक वक्र योगायोग. अखेरीस तक्रारीचा मार्ग पत्करण्यात आला आणि मे १९४२ मध्ये राजदूत सर सॅम्युअल होर यांनी फ्रँको यांच्यापुढे तपशीलवार पुरावा ठेवला. पुरावा कूटलिपीतून आलेला असला तरी तो असा मांडण्यात आला की, किनाऱ्यावर हिंडणाऱ्या कोणाही खबऱ्याने तो जमवला असता. ठाणी जमिनीवर होती, डोळ्यांना दिसत होती, म्हणूनच हे साधले. माद्रिदने जर्मनांवर दडपण आणले आणि ती यंत्रणा बव्हंशी निकामी झाली.

आकाशातून जाणाऱ्या संदेशाच्या बाबतीत असा सोयीचा खबऱ्या उभा करता येत नाही. डब्लिनमध्ये नेमका हाच पेच होता, आणि तो जवळजवळ पाच वर्षे चालल्यामुळे या विषयाचे सर्व पदर तेथे उलगडून पाहता येतात. आयर्लंडचे पंतप्रधान एमन डी व्हलेरा यांनी १९३९ मध्ये तटस्थता जाहीर केली. परराष्ट्र खातेही त्यांच्याचकडे होते. जर्मनीचे प्रतिनिधी एडुआर्ड हेम्पेल १९३७ पासून डब्लिनमध्ये होते आणि नॉर्दम्बरलँड रोडवरील त्यांच्या वकिलातीत एक बिनतारी प्रक्षेपक होता. वकिलातीची अधिकृत तार ब्रिटनच्या हद्दीतून स्वित्झर्लंडकडे व तेथून बर्लिनकडे जात असल्याने ती लंडनच्या मर्जीवर चाले. प्रक्षेपकावर मात्र कोणाची मर्जी चालत नव्हती. आयर्लंडच्या पश्चिमेकडून येणारे हवामान एक-दोन दिवसांत युरोपवर पोचते, त्यामुळे डब्लिनहून गेलेल्या हवामानाच्या चार ओळी जर्मन विमानदलाला व आरमाराला मोलाच्या होत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्स ऑयगेन या जर्मन युद्धनौका भर दिवसा इंग्लिश खाडीतून निसटल्या, तेव्हा त्यांना डब्लिनच्या हवामानवृत्ताचा उपयोग झाला असा आरोप ब्रिटिशांनी केला. आयरिश सरकारने हेम्पेल यांना खडसावले आणि त्यानंतर यंत्राचा वापर थांबला. यंत्र मात्र वकिलातीतच राहिले.

डी व्हलेरा यांची भूमिका लंडनला व वॉशिंग्टनला आडमुठी वाटली असली तरी तिच्यात एक सुसंगती होती. वकिलातीत शिरून यंत्र उचलणे हे राजनैतिक संरक्षणाचा भंग करणारे ठरले असते आणि एका पक्षासाठी ते केले की दुसऱ्या पक्षाने विमानतळ वा बंदर मागितले तर नाही म्हणण्याचे कारण उरले नसते. १९३८ मध्येच ब्रिटनकडून परत मिळवलेल्या बंदरांचा प्रश्न आयर्लंडच्या मनात ताजा होता. पडद्याआड मात्र हेच सरकार ब्रिटिशांशी फार दूरवर सहकार्य करीत होते. 'जी टू' या आयरिश लष्करी हेरखात्याचे प्रमुख कर्नल डॅन ब्रायन आणि ब्रिटिश हेरखात्याच्या आयरिश विभागाचे सेसिल लिडेल यांचा नियमित संपर्क होता. गुप्तलिपींची उकल डब्लिनमध्ये ज्यांनी केली ते रिचर्ड हेज हे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक होते. दिवसा ग्रंथालय सांभाळून त्यांनी कैदेतील जर्मन हेर हर्मान गोर्ट्झ याची कूटलिपी फोडली. तुरुंगातून आपण बर्लिनशी पत्रव्यवहार करीत आहोत अशा समजुतीत गोर्ट्झ जे संदेश चोरून बाहेर धाडीत होता त्यांना उत्तरे 'जी टू'च बर्लिनच्या नावाने देत होते. ग्रंथपालाच्या हातून युद्धाच्या इतिहासाला लागलेला असा हातभार विरळाच.

डिसेंबर १९४३ मध्ये क्लेअर परगण्यात जर्मनीने दोन आयरिश माणसे बिनतारी यंत्रांसह पॅराशूटने उतरवली. ती लगेच पकडली गेली, पण या निमित्ताने डी व्हलेरा यांना हवे असलेले कारण मिळाले. हेम्पेल यांना प्रक्षेपक स्वाधीन करावा लागला आणि तो एका बँकेच्या तिजोरीत ठेवण्यात आला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९४४ रोजी, अमेरिकेचे प्रतिनिधी डेव्हिड ग्रे यांनी जर्मनी व जपान यांच्या प्रतिनिधींना देशाबाहेर काढण्याची मागणी करणारा खलिता डी व्हलेरा यांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन मॅफी यांनी त्याला पाठिंबा देणारे पत्र दिले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील स्वारीची तयारी चालू असताना तिची कुणकुण डब्लिनमार्गे बर्लिनला लागेल, हे मागणीमागचे उघड कारण होते. डी व्हलेरा यांनी ती फेटाळली, मार्चमध्ये खलिता जाहीर झाला आणि ब्रिटनने आयर्लंडशी प्रवासावर बंदी घातली.

या खलित्याकडे ब्रिटिश हेरखाते कोणत्या नजरेने पाहत होते, हे पुष्कळ वर्षांनंतर कागदपत्रे खुली झाल्यावर समजले. १९४३ च्या आरंभापासून हेम्पेल यांच्या तारा ब्रिटिश गुप्तलिपी विभाग वाचत होता. प्रक्षेपक तिजोरीत, तार लंडनच्या हातात, संकेत फुटलेला आणि हेम्पेल स्वतः सावध वृत्तीचे गृहस्थ. यापेक्षा निर्धोक शत्रुप्रतिनिधी मिळणे कठीण होते. त्यांना हाकलले असते तर त्यांच्या जागी बर्लिनने अज्ञात हेर पेरले असते आणि डब्लिनमध्ये काय चालले आहे हे जाणण्याची खिडकीही बंद झाली असती. म्हणून खलित्याचा उत्साह हेरखात्यात नव्हता. ग्रे यांचा हेतू तारा बंद करण्याइतकाच डी व्हलेरा यांचा नकार अमेरिकी जनतेपुढे लेखी नोंदवण्याचा होता, असे मानण्यास जागा आहे. युद्धानंतर आयर्लंडच्या फाळणीचा प्रश्न अमेरिकेत उठवला जाईल तेव्हा हा नकार उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. सुरक्षेची भाषा बोलणारा कागद राजकारणासाठी लिहिलेला असू शकतो, ही सावधगिरी अशा प्रत्येक खलित्याबाबत बाळगावी लागते.

डब्लिनच्या कथेचा शेवटही संकेतांशीच जोडलेला आहे. ३० एप्रिल १९४५ रोजी ग्रे यांनी पुन्हा डी व्हलेरा यांची भेट घेतली आणि समुद्रात अद्याप जर्मन पाणबुड्या असल्याने वकिलातीतील संकेतकोश जाळले जाण्यापूर्वी इमारतीचा ताबा द्यावा, अशी मागणी केली. जर्मनीने शरणागती पत्करलेली नसताना हे करण्यास डी व्हलेरा यांनी संतापाने नकार दिला. दोनच दिवसांनी, २ मे रोजी, हिटलरच्या मृत्यूबद्दल शिष्टाचाराची भेट घेण्यासाठी ते हेम्पेल यांच्याकडे गेले. या भेटीने जगभर जी टीका ओढवली ती सर्वश्रुत आहे; तिच्या दोन दिवस आधीचे हे संभाषण लक्षात घेतले तर त्या भेटीतील हट्टाचा उगम थोडा अधिक समजतो, समर्थन मात्र होत नाही. ग्रे यांना वकिलातीचा ताबा मिळाला तेव्हा कागदपत्रे नष्ट झालेली होती.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला या विषयाचा सर्वांत जवळचा धागा मुरगाव बंदरात सापडतो. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ होता. पण रेल्वे आणि जमिनीवरचा सारा संपर्क ब्रिटिश हिंदुस्थानातून असलेली अशी तटस्थ भूमी जगात दुसरी शोधावी लागेल. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन व्यापारी जहाजे आणि अँफोरा हे इटालियन जहाज युद्ध सुरू झाल्यापासून येथे आश्रयाला येऊन अडकलेली होती. एरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रावरून हिंदी महासागरातील मित्रराष्ट्रांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना पोचवली जाते, असा ब्रिटिश हेरसंघटनेचा दावा होता. तटस्थ बंदरात असे यंत्र चालत असेल तर हेगच्या तेराव्या कराराचा तो उघड भंग होता आणि नियमाप्रमाणे लंडनने लिस्बनकडे तक्रार करावयास हवी होती. तथापि त्याच सुमारास ब्रिटनला अझोर्स बेटांवरील तळ पोर्तुगालकडून हवे होते आणि तो करार ऑगस्ट १९४३ मध्ये पूर्णत्वास गेला. चौदाव्या शतकापासूनच्या मैत्रीचा हवाला देऊन तळ मागणाऱ्याने गोव्याच्या बंदराबद्दल भांडण उकरून काढणे परवडणारे नव्हते. पोर्तुगीज हद्दीत उघड लष्करी कारवाई करणे तर त्याहून अशक्य.

त्यातून जो मार्ग निघाला तो कोणत्याही कराराच्या पुस्तकात बसणारा नाही. कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी, मुख्यतः गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पलटणीतील जेमतेम दीड डझन मध्यमवयीन गृहस्थांना, ज्यांच्या कृत्याशी सरकारचा संबंध नाही असे सांगता येईल, फीबी नावाच्या गाळवाहू बार्जमधून मुरगावात नेण्यात आले. ९ मार्च १९४३ च्या रात्री लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली. जहाजाचा कप्तान व काही खलाशी मारले गेले, जहाज खलाशांनी स्वतःच बुडवले आणि उरलेल्या जहाजांच्या खलाशांनीही तेच केले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी खलाशांवर बंदरात जहाजे बुडवल्याचा खटला भरला. ही हकीकत १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकामुळे सर्वांपुढे आली आणि १९८० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. ते यंत्र खरोखर तितके कामाचे होते काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि चित्रपटाच्या झगमगाटात हा मतभेद हरवून जातो. तटस्थतेचा दुसरा चेहराही याच बंदराने त्याच वर्षी पाहिला: ऑक्टोबरमध्ये तेइया मारू आणि ग्रिप्सहोल्म ही दोन जहाजे मुरगावात शेजारी लागली आणि जपान व अमेरिका यांनी हजाराहून अधिक नागरिकांची एकमेकांशी अदलाबदल केली. ज्या धक्क्यालगत मार्चमध्ये तटस्थता पायदळी तुडवली गेली तिथेच ऑक्टोबरमध्ये तिच्यावाचून कोणाचेच चालले नसते.

ब्रिटन स्वतः या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला तो १९४४ मध्ये. फ्रान्सवरील स्वारीला सात आठवडे उरले असताना, १७ एप्रिल रोजी, लंडनमधील परदेशी वकिलातींना सांकेतिक तारा व न तपासलेल्या टपालथैल्या पाठवण्यास मनाई करण्यात आली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांसारखे मोजके अपवाद सोडले तर तटस्थांनाच नव्हे, द गॉल यांच्या फ्रेंच समितीसारख्या सहकाऱ्यांनाही ती लागू होती. शतकानुशतके गृहीत धरलेला राजनैतिक हक्क एका आदेशाने स्थगित झाला. तटस्थ राष्ट्रांनी निषेध नोंदवला आणि, डब्लिनला खलिते धाडणाऱ्या लंडनने जशी अपेक्षा धरली होती तशीच, नाइलाजाने मान तुकवली.

युद्धानंतर हे सारे अनुभव एका कलमात येऊन बसले. राजनैतिक संबंधांविषयीचा जो करार एप्रिल १९६१ मध्ये व्हिएन्ना येथे झाला, त्याच्या २७ व्या कलमाने वकिलातीला शब्दसंकेत व कूटलिपी वापरण्याचा हक्क निःसंदिग्धपणे दिला. पण बिनतारी प्रक्षेपक बसवायचा व चालवायचा असेल तर यजमान राष्ट्राची संमती हवी, अशी अट घातली. या अटीवरून परिषदेत बराच वाद झाला. ज्यांच्या वकिलातींत अशी यंत्रे आधीपासून होती त्या मोठ्या राष्ट्रांना ही अट नको होती आणि ज्यांच्या भूमीवर ती यंत्रे बसवली जात त्या लहान राष्ट्रांनी ही अट लावून धरली. एमन डी व्हलेरा त्या वेळी आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते.